सापडलेलं पान जपून ठेवा

इंटरनेटवर भटकायची मला जुनी सवय आहे. काही चांगलं हाती लागलं की घरच्यांना हाक मारून दाखवल्याशिवाय राहवत नाही. अलीकडे भाचरांना रेडिओ गार्डन दाखवलं. पडद्यावर पृथ्वीचा गोल येतो आणि त्यावर हिरवे ठिपके असतात. गोल फिरवून ठिपक्यावर थांबलं की त्या गावच्या रेडिओवर त्या घडीला जे चालू असेल ते ऐकू येतं. पोरं तासभर हलली नाहीत. एरवी नकाशाचं पुस्तक उघडायला सांगितलं की तोंडं वाकडी करणारी हीच पोरं.

दुसरी आवडती जागा म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. ‘हात’ हा एकच शब्द शोधून बघा. वाक्प्रचारांची रांगच लागते, आणि त्यातले कितीतरी आपल्या आजीबरोबरच गेलेले.

पण आज खरं सांगायचंय ते वेगळंच.

आमच्या गावच्या वाचनालयाने पूर्वी मोठ्या हौसेने वेबसाइट केली होती. जुन्या ग्रंथपालांच्या आठवणी, देणगीदारांची यादी, व्याख्यानमालेचे फोटो, असं सगळं तिच्यावर होतं. वेबसाइटच्या नावाचे पैसे वेळच्या वेळी भरावे लागतात. ते बघणारा मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला, मुदत टळली आणि एक दिवस सगळंच गेलं. मूळ फाइली कुणाकडेच नव्हत्या. मला फार हळहळ वाटली, कारण त्या आठवणींत माझ्या आजोबांवर दोन परिच्छेद होते.

मग इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर गेलो. इंटरनेट अर्काइव्ह ही सॅन फ्रान्सिस्कोची ना-नफा संस्था. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली ती सुरू केली. तेव्हापासून ती जगभरच्या वेबपानांच्या प्रती काढून ठेवते आहे, आणि २००१पासून त्या कुणालाही बघता येतात. वाचनालयाचा जुना पत्ता टाकला. वर्षांची पट्टी आली, खाली कॅलेंडर आणि त्यात चार-पाच तारखांवर निळे गोल. एका गोलावर टिचकी मारली. पान सावकाश उघडलं. फोटोंच्या जागी बरेचसे रिकामे चौकोन, आणि मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी! युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये तो टाइप केलेला होता. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. तिथे चिकटवला आणि आजोबा ओळीओळीने वाचता आले.

हे पान मिळालं, कारण कधीतरी कुणीतरी, नाहीतर संस्थेच्या यंत्राने, त्याची प्रत काढली होती. प्रत्येक पानाच्या नशिबी ते नसतं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. गावची वाचनालयं, शाळा, नाट्यमंडळं, गणेशोत्सव मंडळं यांच्या वेबसाइट आज चालू असतील तर त्यांची पानं आजच जतन करा. वेबॅक मशीनवर ‘सेव्ह पेज नाऊ’ लिहिलेली चौकट आहे. तिच्यात पानाचा पत्ता चिकटवायचा, बटण दाबायचं आणि थोडं थांबायचं. पैसे पडत नाहीत, एखाद्या पानासाठी खातंही उघडावं लागत नाही. मात्र खात्याशिवाय एका वेळी एकच पान जतन होतं. आतली पानं एकेक करून द्यावी लागतात. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण रविवारची एक दुपार त्याला पुरते.

दोन गोष्टींची काळजी घ्या. व्हॉट्सॲपच्या गटातला किंवा पासवर्डमागचा मजकूर तिथे जात नाही. तो स्वतःच्या संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर वेगळा ठेवा. आणि ज्या पानावर लोकांचे फोन नंबर, आधार क्रमांक किंवा मुलांची माहिती असेल ते जतन करू नका, कारण ती प्रत सगळ्या जगाला दिसते. उलट, असं पान दिसलं तर संबंधितांना फोन करून ते काढायला सांगा.

वाचनालयाची पानं मी आता छापून तिथल्या कपाटात ठेवली आहेत. फोटोंचे चौकोन मात्र अजून रिकामेच आहेत. व्याख्यानमालेचे जुने फोटो गावात कुणाच्या ट्रंकेत असतील तर घेऊन या, मी स्कॅन करून देतो.