‘बरं आहे’ला गुण किती?

‘आपल्या आजारामुळे आपल्या दैनंदिन कार्यक्षमतेवर कितपत विपरीत परिणाम झाला?’ या घाटाच्या मराठीत कोणी कोणाचे दुखणे विचारत नाही. तरीही रुग्णांसाठीची प्रश्नावली म्हटली की हीच मराठी अवतरते, आणि आम्ही मराठीचे अध्यापक तो वैद्यकाचा प्रांत समजून गप्प बसतो. हे गप्प बसणे आम्हाला आता अप्रशस्त वाटते.

विषय हिमोफिलियाचा आहे. रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक कमी असल्याने रक्त गुडघ्यात, घोट्यात, कोपरात साचते आणि साचून साचून सांधा निकामी होतो. वर्षात रक्तस्राव किती वेळा झाला, यावरून उपचाराचे यश मोजण्याची रीत जुनी आहे. पण ज्याने भीतीपोटी खेळ, सहल, शेतातले काम सगळेच सोडले, त्याचे रक्तस्राव कमीच भरणार! म्हणून रुग्णालाच विचारावे, ही चाल आली. युरोपात त्यासाठी ‘हीम-ए-क्वॉल’, ‘हॅल’ अशा प्रश्नावल्या झाल्या. चाल स्तुत्यच आहे. मोजू नका, असे आम्ही म्हणत नाही. आकड्यावाचून सरकार महागडे फॅक्टर विकत घेत नाही, एवढे आम्हालाही कळते. आमचे भांडण आकड्याआधी येणाऱ्या वाक्याशी आहे.

भाषांतराची प्रस्थापित पद्धत अशी : एकाने इंग्रजीचे मराठी करायचे, दुसऱ्याने त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी. दोन्ही इंग्रजी जुळली की काम फत्ते. गोम अशी की, पुस्तकी मराठीच इंग्रजीत सर्वांत सुखरूप परत जाते. चांदूर बाजारच्या संत्राबागेत राबणाऱ्या मुलापर्यंत ती पोचली का, याचा पुरावा त्यातून मिळत नाही. रुग्णांसोबत प्रश्न वाचून पाहण्याची पायरीही असते, हे मान्य. पण ती महानगरातच उरकली असेल तर वऱ्हाडापुरती ती झालीच नाही, असे समजावे.

आमच्याकडे प्रकृती विचारली की ‘बरं आहे’ हे उत्तर ठरलेले. तो शिष्टाचार आहे, निदान नव्हे. डॉक्टरसाहेबांसमोर तर तो अधिकच पाळला जातो. कागदावर मात्र त्याचा अर्थ ‘त्रास नाही’ असा होतो. उलट ठणका, कळ, सणक, चमक, ठसठस, अवघडणे ही आमची सारी संपदा ‘वेदना : सौम्य / मध्यम / तीव्र’ या तीन खणांत कोंबली जाते. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली मॅकगिल वेदना-प्रश्नावलीत दुखण्याची ७८ इंग्रजी विशेषणे २० गटांत लावली, ती काय हौसेखातर? सूज दिसण्याआधी सांध्यात मुंग्या आल्यासारखे होते, ऊब जाणवते. फॅक्टर लवकर द्यायचा तो तेव्हाच. तेव्हा पोराला जो शब्द सुचेल तो आईला, नर्सला कळला पाहिजे.

देशी वळण अशक्य नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २००५ साली ‘फिश’ नावाची मोजणी प्रसिद्ध केली. तीत उकिडवे बसता येते का, हे पाहतात. ज्याला शौचाला उकिडवे बसावे लागते, त्याच्यासाठी खुर्चीतून उठण्याइतकाच हाही प्रश्न जीवनमानाचा आहे. पण ‘फिश’मध्ये तज्ज्ञ पाहतो, रुग्ण बोलत नाही. बोलण्याचे काम बाकीच आहे.

आणि ते काम आमच्या शास्त्राला परके कसे? तेराव्या शतकात, आमच्यापासून फार दूर नसलेल्या रिद्धपूरच्या परिसरात, म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा जमवल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारविचारून. एकाच प्रसंगाची निरनिराळी सांगणी ‘वासना’ म्हणून जपण्याची रीत त्या परंपरेत आहे. सांगणाऱ्याचा शब्द बदलला तर अर्थ बदलतो, हे आम्ही वर्गात शिकवतो आणि परीक्षेत विचारतोही.

अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात हिमोफिलियाचे डे केअर केंद्र आहे. फॅक्टर चढेपर्यंत तिथे मुले आणि त्यांच्या आया बसून असतात. एम.ए.च्या लघुशोधप्रबंधांसाठी ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण हा विषय आणखी किती वर्षे पुरवायचा? रुग्णांच्या संमतीने एखाद्या विद्यार्थ्याने महिनाभर तिथे बसून त्यांचे दुखण्याचे शब्द, ज्याचे त्याच्या उच्चारात, उतरवून घ्यावेत. प्रश्नावली करणाऱ्यांनी ते मागितले नाहीत तरी आपण पाठवावेत.