तंबाखूच्या पुडीवरची तारीख : पारोळ्याच्या बाजारातला एक दुर्लक्षित दस्तऐवज

१/ पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याचे साल विचारावे, तर खानदेशातला इतिहासप्रेमी तरुण तत्काळ उत्तरतो : १७२७, जहागीरदार हरी सदाशिव दामोदर. त्याच गावच्या बाजारपेठेत टपरीवर टांगलेल्या तंबाखूच्या पुड्यांवरही तारीख छापलेली असते. ती बहुतेक जण वाचत नाहीत; आणि जे वाचतात, ते तिचा भलताच अर्थ लावतात. हा धागा त्या भलत्या अर्थाविरुद्ध आहे.

२/ कागद हाती आला की अभ्यासक तीन प्रश्न विचारतो. तारीख कोणी घातली? कशासाठी घातली? ती नेमकी कशाची ग्वाही देते? सनदेला आणि शिलालेखाला लावली जाणारी ही कसोटी पुडीला लावण्यास कोणती हरकत आहे? पुडी हाही आपल्या काळाचा दस्तऐवजच आहे, आणि तो लाखो प्रतींत उपलब्ध आहे.

३/ प्रथम एका लाडक्या समजाचा निकाल लावू. "तंबाखू ही आपली प्राचीन परंपरा." नाही. तंबाखू ही अमेरिका खंडातली वनस्पती. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती दख्खनेत आली. इ.स. १६०४च्या सुमारास असद बेग याने ती विजापुराहून नेऊन अकबरापुढे ठेवली. हे द्रव्य वैद्यकग्रंथांत नाही, अशी हरकत दरबारी हकिमाने घेतली. १६१७ मध्ये जहांगीरने धूम्रपानावर बंदी घातली. म्हणजे या 'परंपरे'चा आपल्याकडचा इतिहास जेमतेम सव्वाचारशे वर्षांचा, आणि शंका व बंदी तिच्या जन्मापासून तिच्यासोबत आहेत.

४/ दुसरा समज अधिक घातक आहे. "आजोबांच्या चंचीतला तंबाखू शुद्ध होता, बिघडवला तो कारखान्यांनी." चंची देखणी होती, यात वाद नाही. कापडाचे कप्पे, एकात पान, एकात सुपारी, एकात तंबाखू, सोबत चुन्याची डबी आणि अडकित्ता. ती संग्रहालयात जरूर ठेवावी. पण वस्तू देखणी असणे हा तिच्यातल्या मालाच्या शुद्धतेचा पुरावा नव्हे.

५/ कारण तंबाखूतले मुख्य विष कारखान्यात बाहेरून घातले जात नाही. ते पानातच तयार होते. पाने वाळवताना, रास घालून मुरवताना आणि पुढे साठवताना जिवाणू पानातल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात. त्या नायट्राइटचा निकोटिन व तत्सम द्रव्यांशी संयोग होऊन नायट्रोसामाइने बनतात. 'एनएनएन' आणि 'एनएनके' ही त्यांतली दोन, आणि दोन्ही मानवात कर्करोग घडवणारी म्हणून निश्चित झालेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ च्या प्रबंधात धूरविरहित तंबाखूलाच त्या पहिल्या गटात कायम ठेवले.

६/ आता 'ताजेपणा' म्हणजे काय, ते पाहा. गिऱ्हाईक ताजा माल कसा ओळखते? वासावरून आणि मऊपणावरून. पान कोरडे पडले, चुरा झाला, वास उडाला, की माल शिळा. हा मऊपणा टिकवायचा तर ओलावा हवा. म्हणून माल बंद डब्यात दडपून ठेवायचा, वर पाण्याचा हबका मारायचा. पण जिवाणूंनाही नेमका ओलावा आणि ऊबच हवी असते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या टपरीत, पत्र्याच्या डब्यात, ओलसर तंबाखू! ज्या उपायाने माल 'ताजा' राहतो, त्याच उपायाने त्यातले विष वाढण्यास अनुकूलता मिळते.

७/ मग कोरडा तंबाखू निर्धोक ठरतो काय? तेही नाही. नायट्रोसामाइनांचा मोठा वाटा पुडी बंद होण्यापूर्वीच, पाने वाळवताना व मुरवताना, तयार झालेला असतो. पुडीवरची तारीख मोजणी सुरू करते ती त्यानंतर. आणि हातावर चुना चोळला की अल्कधर्मी माध्यमात निकोटिन अधिक वेगाने तोंडातून रक्तात शिरते. मिश्रीचेही तसेच. तव्यावर भाजून कुटलेला तंबाखू दात घासण्याचे निमित्त करून हिरड्यांना लागतो; कित्येक स्त्रियांना तर आपण तंबाखूचे सेवन करतो आहोत असे वाटतही नाही.

८/ पुडीच्या तारखेमागचा कायदाही पाहावा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली २००८ चे वेष्टन-नियम आले. त्यांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, वजन आणि उत्पादनाची तारीख छापावी लागते. १ एप्रिल २०१६ पासून वेष्टनाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याने व्यापलेला असतो. म्हणजे तारीख एवढेच सांगते, की हा माल अमुक महिन्यात तयार झाला. तो 'चांगला' आहे, असे ती कोठेच म्हणत नाही. ते गिऱ्हाईक आपल्या मनाने जोडते. आणि नायट्रोसामाइन किती, हा खरा महत्त्वाचा आकडा त्या पुडीवर वाचायला मिळत नाही.

९/ येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. "मग बिस्किटाप्रमाणे तंबाखूवरही 'या तारखेपूर्वी वापरणे उत्तम' असे छापावे. स्वीडनमध्ये असते." असते खरे. तेथील 'स्नूस' दीर्घकाळ अन्नकायद्याच्या कक्षेत होता. त्याची पूड तापवून जिवाणू मारतात, आणि दुकानात तो शीतकपाटात ठेवतात. साठवणीच्या तपासण्यांत अमेरिकेतील काही ओल्या तपकिरींमधली नायट्रोसामाइने महिन्यांगणिक वाढली. स्वीडिश मालात ती वाढ जवळपास दिसली नाही.

१०/ पण या उदाहरणातून धडा कोणता घ्यायचा? फरक घडवला तो तापवण्याने, थंडाव्याने आणि घटकांवरच्या मर्यादेने. तारखेच्या शिक्क्याने नव्हे. ती प्रक्रिया न आणता नुसता शिक्का आणला, तर कर्करोगाच्या चित्राखाली 'अमुक महिन्यापर्यंत उत्तम' असे सरकारमान्य प्रशस्तिपत्र छापले जाईल. शिवाय स्नूसही व्यसन लावतोच. १९९२ पासून युरोपीय संघात त्याच्या विक्रीला बंदी आहे, अपवाद फक्त स्वीडनचा. मागणी करायचीच, तर मर्यादेची करावी. एनएनएन व एनएनके मिळून कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमहून अधिक नसावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने केलेली आहे.

११/ गुटख्याची गोष्ट तर आणखी बोलकी. महाराष्ट्राने २००२ मध्ये घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नाही. पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये नवी बंदी आली, आणि ती वर्षागणिक वाढवली जाते. तरी पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशी जोडी करून तीच चीज तोंडात जाते. चोरून विकल्या जाणाऱ्या मालाच्या तारखेवर विसंबणे म्हणजे बनावट सनदेवरचे साल खरे मानणे होय.

१२/ २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत असल्याचे आढळले. ओढणारे चार टक्क्यांहूनही कमी. म्हणजे या प्रदेशाचा तंबाखू-प्रश्न हा मुख्यतः पुडीचा, डबीचा आणि मिश्रीचा प्रश्न आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये तंबाखू पीक म्हणून नोंदलेला आहे. त्या पिकाने पुढे किती जबडे खाल्ले, याची नोंद मात्र कोणत्याही गॅझेटियरात मिळणार नाही.

१३/ किल्ल्याच्या सालात दोन वर्षांची चूक झाली, तर अभ्यासकाची फजिती होते. पुडीवरच्या तारखेचा अर्थ चुकला, तर घरातला माणूस जातो. टपरीवर कोणी "माल ताजा आहे ना?" असे विचारताना आढळला, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याला एवढेच सांगावे : ही तारीख माल कधी तयार झाला ते सांगते, तो खाण्याजोगा आहे असे ती कधीच सांगत नाही.

(धागा समाप्त)