आपले मूल कोणाशी खेळते?



दिवेलागणीला मुले अंगणातून घरात आली की पूर्वी आई निर्धास्त होत असे. आज मूल घरातच, डोळ्यांसमोर बसलेले असते. परंतु हातातील मोबाईलवर ते कोणाशी खेळत आहे, हे तिला ठाऊक नसते.

बंगळूरमधील आम्हा मराठी कुटुंबांत हा विषय वरचेवर निघतो. आईवडील दोघेही नोकरीला, आजी-आजोबा दूर गावी. मग मोबाईल हाच मुलाचा सवंगडी होतो. याच शहरातील निम्हान्स या संस्थेने तंत्रज्ञानाच्या आहारी गेलेल्यांसाठी २०१४ साली स्वतंत्र उपचारकेंद्र सुरू केले. खेळावर ताबा न राहणे, इतर साऱ्या गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, ही लक्षणे साधारणतः वर्षभर टिकली, तर जागतिक आरोग्य संघटना त्यास विकार मानते. तेव्हा सुटीतील चार दिवसांच्या वेडाने कोणी घाबरून जाऊ नये.

खरे भय निराळेच आहे. आमच्या शेजारच्या अकरा वर्षांच्या मुलाशी खेळता खेळता एका अनोळखी गड्याने मैत्री जोडली. त्याने आधी शाळेचे नाव विचारले, नंतर छायाचित्र मागितले आणि पुढे धमक्या देऊ लागला. मुलगा तीन आठवडे गप्प होता. "अरे, आम्हाला सांगितले का नाहीस?" असे आईने विचारताच तो म्हणाला, "तुम्ही मोबाईल काढून घेतला असता!"

या उत्तराचा प्रत्येक पालकाने विचार करावा. शिक्षेचे भय मुलाला आपल्यापासून तोडते आणि नेमके तेच त्या अनोळखी माणसाच्या पथ्यावर पडते. म्हणून मुलाला आधीच वचन द्यावे: "काहीही घडले तरी सांग; सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही."

याच्या जोडीला काही साध्या गोष्टी पाळाव्यात. खेळ बैठकीच्या खोलीत, सर्वांदेखत असावा. अनोळखी लोकांशी संभाषणाची सोय बंद ठेवावी. खेळात खरे नाव, शाळा वा पत्ता देऊ नये. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना २०२५ च्या कायद्याने बंदी केली आहे. परंतु इतर खेळांतही पोशाख नि शस्त्रे विकत मिळतात. यास्तव बँकेचे कार्ड मोबाईलमध्ये साठवून ठेवू नये आणि ओटीपी कोणासही सांगू नये, हे मुलास समजावून द्यावे.

फसवणूक झालीच, तर संदेश पुसून टाकू नयेत. तेच पुरावा ठरतात. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. संकटातील मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.

आज सायंकाळी मुलाशेजारी बसा आणि म्हणा, "तुझा खेळ मला शिकवशील का?" तो शिकवू लागला, की त्याचे सवंगडी कोण आहेत, हेही आपल्याला हळूहळू कळेल.