भारताचे ‘वीचॅट’ कोणाला हवे आहे?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस चेन्नईच्या ‘झोहो’ कंपनीचे ‘अरट्टाई’ हे संदेशवहनाचे ॲप अचानक सगळ्यांच्या तोंडी आले. तीन दिवसांत रोजच्या नोंदण्या तीन हजारांवरून साडेतीन लाखांवर गेल्या, असे कंपनीचे संस्थापक श्रीधर वेम्बू यांनीच सांगितले. केंद्रीय मंत्र्यांनी स्वदेशीची हाक दिलेली होती, लोकांनी हौसेने ॲप उतरवून घेतले. जानेवारी २०२१ पासून कोपऱ्यात पडून असलेले हे ॲप ॲपलच्या दुकानात सोशल नेटवर्किंगच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तेव्हापासून जाहिरात एजन्सींच्या सादरीकरणांत एक शब्दप्रयोग ठाण मांडून बसला आहे: भारताचे वीचॅट.

तो वापरण्याआधी चिनी माणूस वीचॅटवर नेमके काय करतो, हे आपण धंदेवाल्यांनी एकदा नीट पाहायला हवे.

वीचॅटच्या आधी, ऑगस्ट २००९ मध्ये, ट्विटरसारखे ‘सिना वेइबो’ आले. त्याच वर्षी चीनमध्ये फेसबुक आणि ट्विटर बंद झाले होते, त्यामुळे मैदान मोकळे होते. सुरुवातीची काही वर्षे चिनी इंटरनेटचा चव्हाटा म्हणजे वेइबो. पुढे खऱ्या नावाच्या नोंदणीची सक्ती आली, लाखो अनुयायी असलेल्या बड्या खात्यांवर कारवाया झाल्या, आणि बोलणे चव्हाट्यावरून घरात सरकले. टेन्सेंटचे वीचॅट जानेवारी २०११ मध्ये सुरू झाले होते. लोक तिकडे गेले. तिथे ग्रुपची मर्यादा पाचशे जणांची. ‘मोमेंट्स’ या टिपणांच्या पानावर कोणी काही टाकले, तर त्याखालची शेरेबाजी फक्त सामाईक ओळखीच्यांनाच दिसते. संदेश वाचला की नाही हे सांगणाऱ्या निळ्या खुणा नाहीत. आपली जुनी टिपणे तीन दिवसांनंतर इतरांना दिसू नयेत अशी सोय आहे, आणि ती सर्रास वापरली जाते. वीचॅटचे महिन्याचे वापरकर्ते १३० कोटींच्या वर आहेत, पण त्यातला प्रत्येक जण वावरतो तो शे-दोनशे ओळखीच्यांच्या आवारात.

या आवारात पैसा शिरला तो २०१४ च्या चिनी नववर्षाला, लाल पाकिटांच्या रूपाने. आहेराची जुनी रीत फोनवर आली आणि लोकांनी आपापली बँक खाती वीचॅटला जोडली. माझ्या मते इतका बेमालूम ग्राहकविस्तार आपल्या क्षेत्रात दुसरा झालेला नाही. जानेवारी २०१७ मध्ये ‘मिनी प्रोग्रॅम’ म्हणजे ॲपच्या आतली छोटी ॲप आली आणि तिकीट, वीजबिल, भाजी, डॉक्टरची वेळ असे सगळे वीचॅटच्या आतच होऊ लागले. बाहेर पडायची गरज उरली नाही. खरे तर सोयही उरली नाही: अलीबाबाच्या ‘ताओबाओ’ या ऑनलाइन बाजाराची लिंक वीचॅटमध्ये कित्येक वर्षे उघडतच नसे. सप्टेंबर २०२१ मध्ये चीनच्या उद्योग आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला कंपन्यांना बोलावून, एकमेकांच्या लिंक अडवू नका, असे बजावावे लागले. ज्याला आपण सुपर ॲप म्हणून टाळ्या देतो, त्याच्या भिंती इतक्या जाड होत्या.

या भिंती भारतात उभ्या राहत नाहीत, कारण पैशाचा रस्ता आपल्याकडे आधीच सार्वजनिक झालेला आहे. यूपीआय २०१६ मध्ये आले आणि ते कोणा एका ॲपच्या मालकीचे नाही. ५० कोटींहून अधिक भारतीय वापरकर्ते असलेल्या व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये पैसे पाठवण्याची चाचणी सुरू केली. मग परवानगी रखडली, ती २०२० मध्ये वापरकर्त्यांच्या संख्येवरील मर्यादेसह मिळाली, आणि ती मर्यादा पूर्ण उठायला २०२४ चा ३१ डिसेंबर उजाडला. तोवर लोक फोनपे आणि गुगल पेवर स्थिरावले होते. चेन्नई मेट्रोचे तिकीट २०२३ पासून व्हॉट्सॲपवर मिळते, पण त्याच मेट्रोचे तिकीट ‘चेन्नई वन’ या सरकारी ॲपवरही मिळते, तेही बस आणि लोकलच्या तिकिटासह. प्रवाशाला एकाच दारातून जाण्याची सक्ती नाही.

चेन्नईच्या घडामोडीतली मला सर्वात महत्त्वाची वाटलेली बातमी म्हणूनच डाउनलोडच्या आकड्याची नव्हती. ऑक्टोबरात वेम्बूंनी सांगितले की, संदेशवहनाचे नियम प्रमाणित करून खुले करण्याबाबत ‘आयस्पिर्ट’ या सॉफ्टवेअर उद्योगाच्या विचारगटाच्या शरद शर्मांशी बोलणी सुरू केली आहेत; यूपीआय आणि ईमेलप्रमाणे एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर संदेश जायला हवा. ही वीचॅटच्या नेमकी उलटी दिशा आहे. ती प्रत्यक्षात उतरेल का, यावर मी आज पैज लावणार नाही. पहिल्या लाटेत अरट्टाईवर फक्त कॉलना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन होते, लिखित संदेशांना नव्हते. ते नंतर द्यावे लागले. आणि सोसायटीचा, शाळेचा, भावकीचा ग्रुप जिथे आहे तिथून माणूस एकटा उठून जात नाही. स्वदेशीचा अभिमान त्याला ॲप उतरवायला लावतो. रोज सकाळी ते उघडायला लावत नाही.

चिनी सवयी आपल्याकडे यायच्या त्या येतातच, फक्त चिनी नावाने येत नाहीत. टिकटॉकचेच पाहा. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने त्याचे डाउनलोड थांबवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात तो उठवला. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ ॲप बंद केली. टिकटॉकसोबत वीचॅट आणि वेइबोही गेले. (वीचॅट गेल्याचे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही, हेही बोलके आहे.) दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्सची सुरुवात इथूनच झाली. बोटाने वर सरकवत राहण्याची सवय जशीच्या तशी राहिली. धुळे-नंदुरबारकडच्या मुलांनी तयार केलेले प्रेक्षक मात्र एका रात्रीत हरवले, कारण ते प्रेक्षक कधी त्यांच्या मालकीचे नव्हतेच.

चिनी व्यापारी या धोक्यावर बराच आधी उपाय शोधू लागले. जाहिरातीचे दर चढत गेले तशी त्यांनी गिऱ्हाइके ताओबाओवरून, ‘डौयिन’ या टिकटॉकच्या चिनी आवृत्तीवरून उचलून स्वतः चालवलेल्या वीचॅट ग्रुपमध्ये आणली. तिथे दुकानातला माणूस नावानिशी उत्तर देतो, नवा माल आधी दाखवतो, तक्रार तिथेच मिटवतो. खरेदीच्या सल्ल्यासाठी तरुण ‘शाओहोंगशू’ या ॲपवर जातात, तेही अनोळखी ग्राहकाने लिहिलेला अनुभव शोधायला. ब्रँडची पाटी वाचायला नव्हे.

इचलकरंजीचा कापडवाला किंवा जळगावचा सुवर्णकार आपल्याकडे सल्ल्याला येतो, तेव्हा ‘अरट्टाईवर चॅनल काढू का?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. जरूर काढावे, फुकट आहे. पण त्याआधी त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर त्यांच्या संमतीने त्याच्या स्वतःच्या वहीत उतरले आहेत का, आणि ग्रुपवर संध्याकाळी आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला दुकानात कोण बसते, हे विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी त्या कामासाठी माणूसच नेमलेला नसतो, आणि आपण देतो त्या कोटेशनमध्येही त्याच्या पगाराची ओळ नसते.