इतिहासाला कसली शिकवणी?

दहावीतल्या एका मुलाच्या आईवडिलांना,



तुमचा मेसेज मिळाला. ‘मॅडम, उद्यापासून येऊ नका. प्रीलिम जवळ आली, आता मेन सब्जेक्ट्सवर फोकस करतोय. हिस्टरी-सिव्हिक्स तो गाइडमधून करेल. थँक्यू.’ खाली जोडलेले दोन हात.

खरं तर उत्तर तुम्हालाच द्यायला हवं होतं. पण डिसेंबर आला की असा मेसेज कुणा ना कुणाकडून येतोच आणि मजकूरही जवळपास हाच असतो. तेव्हा म्हटलं, एकदाच सगळ्यांना मिळून लिहावं. तुमचं नाव घेत नाही. कुणी ओळखलंच तर त्याला माझा इलाज नाही.

गणिताचे सर सांगतील ती फी तुम्ही मुकाट्याने देता. माझ्याशी मात्र पहिल्याच दिवशी घासाघीस झाली. ‘वाचायचाच तर विषय आहे,’ असं तुम्ही म्हणालात. सर आले की मुलाची खोली, दार बंद, घरात टीव्ही बंद. मी आले की डायनिंग टेबलाचा कोपरा, आणि त्याच टेबलावर मेथी निवडणं चालू. मेथीबद्दल माझी तक्रार नाही. पण विषयाची पायरी मुलाला तिथेच कळते, मग मी कितीही घसा कोरडा केला तरी काय उपयोग?

तुमच्या धाकट्याला सहामाहीत 40 पैकी 11 मिळाले होते. इतिहास त्याच्या लक्षातच राहत नाही, असं तुम्ही सांगितलंत. मी त्याला पहिला धडा मोठ्याने वाचायला लावला. 2018 साली आलेलं हे पुस्तक तुम्ही कधी उघडून बघितलंय का? लढाया आणि सनावळ्या शोधायला जाल तर हात हलवत परत याल. पहिल्याच धड्यात देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स आणि फुको असे युरोपातले विचारवंत ओळीने उभे आहेत. पंधरा वर्षांच्या पोराला फुको! पुस्तक वाईट नाही, उलट मला आवडतं. पण ते घोकून पदरात पडणारं नाही, आणि मूल वाचतं कसं हे कुणीतरी शेजारी बसून ऐकल्याशिवाय तर मुळीच नाही.

तुमचा मुलगा शब्द वाचत नव्हता, अंदाजाने ओळखत होता. ‘मौखिक’चं ‘मौलिक’, ‘पुरातत्त्व’चं ‘पुरातन’. जोडाक्षर आलं की पुढच्या शब्दावर उडी. वाक्याचा अर्थ अर्ध्यावरच सुटून जायचा. तुमची शाळा सेमी इंग्लिश, गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकीचं मराठीत. मराठीत आहे म्हणजे त्याला आपोआप कळत असणार, हे तुम्ही गृहीत धरलंत. शाळेनेही तेच धरलं. साठ मुलांच्या वर्गात एकेकाचं वाचन ऐकायला सवड कुणाला आहे? पुष्कळ शाळांत तर हा विषय ज्याचा तास मोकळा असेल त्याच्या गळ्यात पडतो. गणितात चुकलं की कुठल्या पायरीवर चुकलं ते दिसतं. इथे मूल तीन ओळी खरडतं, खाली लाल शाईत ‘सविस्तर लिही’ असा शेरा येतो, आणि सविस्तर म्हणजे काय ते कुणी सांगत नाही.

‘पुढील विधान सकारण स्पष्ट करा’ म्हटलं की हा तेच विधान शब्द मागेपुढे करून लिहून टाकायचा. तुम्ही त्याला आळशी म्हणालात, तेही त्याच्यासमोर. मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि ‘सांग’ म्हटलं. तो बोलत गेला, मी त्याच्याच शब्दांत उतरवून घेतलं, चुकांसकट. मग तो कागद त्याच्यापुढे ठेवून विचारलं, यातलं कारण कुठलं, उदाहरण कुठलं आणि नुसतं बोलणं कुठलं? तिन्हींखाली वेगवेगळ्या रंगांच्या रेघा मारायच्या. सुरुवातीला अख्खा कागद नुसत्या बोलण्याच्या रंगाने भरला. स्वतःलाच हसला तो. पुढे पुढे कारणांचा रंग दिसायला लागला, आणि एक दिवस त्याने आपणहून एक वाक्य खोडलं. हे खोडणं यायला किती संध्याकाळी जातात, ते तुम्हाला ठाऊक नाही. हे काम एका वेळी एकाच मुलाबरोबर होतं, बॅच भरवून होत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मौखिक साधनांसाठी मी त्याला आजींकडे बसवलं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या शाळकरी होत्या, राहायला पुण्यात नदीकाठच्या पेठेत. पाणी कुठवर आलं, वाड्यातलं कोण कुठे गेलं, चूल परत कधी पेटली, असं सगळं विचारून त्याने दीड पान लिहिलं. मग एका जुन्या लेखात त्याला सापडलं की त्याच दिवशी खडकवासल्याचं धरणही फुटलं होतं. आजींच्या सांगण्यात त्याचा पत्ताच नव्हता. माझ्याकडे आला तो बिथरूनच. ‘बाई, मग आजी खोटं सांगते का?’ मी म्हटलं, त्यांनी पाहिलं ते सांगितलं. जे त्यांना पेठेतून दिसणं शक्यच नव्हतं, ते आपल्याला कुठे मिळेल? ‘धरणाच्या ऑफिसात,’ तो म्हणाला. जरा थांबून, ‘पण ऑफिसवाले स्वतःची चूक लिहितील का?’

अहो, हा प्रश्न पडावा म्हणून लोक एम. ए. करतात! तुमच्या गाइडात रांके एका ओळीत संपतो, ‘मूळ कागदपत्रांवर भर दिला’. ती ओळ तुमच्या मुलाला आता पाठ करावी लागणार नव्हती, कागदपत्रांवर किती विसंबायचं हा झगडा त्याचा त्यानेच सुरू केला होता. तुम्ही त्या वेळी आतल्या खोलीत फोनवर होतात.

सगळा दोष तुमच्याच माथी मारणंही बरोबर नाही. 23 मार्च 2020 ला दहावीचा भूगोलाचा, म्हणजे याच विषयाच्या दुसऱ्या भागाचा, पेपर व्हायचा होता, तो लॉकडाऊनमुळे रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, हे मलाही मान्य आहे. पण माझ्या मुलांपैकी एकाच्याही घरून ‘वर्षभर केलेल्या तयारीचं काय?’ असा फोन आला नाही. सुटलो, एवढंच सगळे म्हणाले. गणिताचा पेपर राहिला असता तर काय गहजब झाला असता!

आता गुणांचंच बोलायचं तर तेही बोलू. इतिहास-राज्यशास्त्र 40, भूगोल 40, अंतर्गत 20. झाले 100, गणिताचे तेवढेच याचे. बेस्ट ऑफ फाइव्हच्या हिशेबात गणित कच्चं असलेल्या मुलाची टक्केवारी बऱ्याचदा हाच विषय सावरतो. तुमच्या मुलाचं गणित कसं आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आणि पुढे याला एमपीएससीला बसवायचं, असं तुम्हीच एकदा चहा देताना म्हणाला होतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. ती पद्धत लगेच नको, 2025 पासून लागू करा, म्हणून 2023 च्या सुरुवातीला पुण्यात अलका चौकात मुलं रस्त्यावर बसली होती. त्यांचं म्हणणं रास्त होतं, जुन्या पद्धतीने केलेली वर्षांची तयारी पाण्यात जाणार होती. पण यातल्या किती जणांना शाळेत कुणी शेजारी बसवून उत्तर लिहायला शिकवलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. उद्या तुम्ही लाखभर रुपये भरून याच इतिहासाच्या आणि याच राज्यशास्त्राच्या क्लासला त्याला घालाल, आणि तिथे फीबद्दल ब्रदेखील काढणार नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते निराळंच. तुमचा मेसेज रात्री आला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा आला, ‘बाई, आज पाचला ना?’ म्हणजे शिकवणी बंद झाली हे तुम्ही त्याला सांगितलंही नव्हतं. काय उत्तर द्यायचं होतं मी? ‘बाबांना विचार’ एवढंच लिहिलं. त्यानंतर त्याचा मेसेज नाही.

डिसेंबरचे अर्ध्या महिन्याचे पैसे राहिले आहेत, ते पाठवा. औदार्य दाखवायची मला हौस नाही. आणि ज्यांचे फोन पुढच्या जूनमध्ये येतील त्यांच्यासाठी आत्ताच सांगून ठेवते. माझी फी यापुढे गणिताच्या सरांइतकीच राहील. कमी करून हवी असेल तर आधी त्यांच्याशी बोला, त्यांनी केली की मीही करेन. शिकवणी मुलाच्या खोलीत होईल, दार लावून. आणि मध्येच बंद करायची झाली तर मेसेज चालणार नाही. मुलाने स्वतः येऊन सांगायचं, कारणासकट.

आपली,
तुमच्या मुलाची इतिहासाची बाई