आंतरराष्ट्रीय पदविका कोणासाठी?

दहावीचा निकाल लागला की मावळातल्या घराघरांत पूर्वी एकच प्रश्न विचारला जाई: शास्त्र, वाणिज्य की कला? आता त्या प्रश्नाला आणखी एक फाटा फुटला आहे. द्रुतगती मार्ग, तळेगावची औद्योगिक वसाहत आणि जमिनींचे चढलेले भाव यांमुळे ज्या कुटुंबांच्या हाती प्रथमच चार पैसे आले, त्या कुटुंबांतही ‘आयबी’चे नाव जाऊन पोहोचले आहे. लोणावळ्यास कॅथीड्रल विद्या स्कूल आहे. डोंगरापलीकडे मुळशी तालुक्यात पौडनजीक 1997 पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. हिंजवडीकडे आणि पुणे शहरात आणखीही आहेत. मुलाला तेथे घालावे काय, असे विचारणारे पालक आम्हांस वारंवार भेटतात. त्यांची विवंचना बहुधा शुल्काची असते, आणि वर्षाला लाखांच्या घरात जाणाऱ्या शुल्काची विवंचना वाटणे साहजिकच आहे. परंतु तो दुसरा प्रश्न होय. पहिला प्रश्न मुलाचा आहे आणि तो मात्र क्वचितच कोणी विचारतो.

ही पदविका म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था 1968 साली जिनिव्हा येथे स्थापन झाली. देशोदेशी बदल्या होणाऱ्या लोकांच्या मुलांना कोणत्याही देशातील विद्यापीठात प्रवेश मिळावा, ही मूळ गरज. भारतात ती 1976 साली कोडाईकनालच्या शाळेतून आली. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. विषय सहा, त्यांतील निदान तीन उच्च स्तरावर घ्यावयाचे. प्रत्येक विषयास सात गुण, म्हणजे एकूण बेचाळीस. त्यांवर दीर्घ निबंध आणि ज्ञानमीमांसा मिळून तीन. पंचेचाळिसांपैकी चोवीस गुण मिळाल्यावाचून पदविका नाही. एवढ्यावरही भागत नाही. सर्जनशील काम, शारीरिक परिश्रम आणि समाजसेवा हे तिसरे अंग आहे. त्याला गुण नाहीत, पण ते अपुरे राहिले तर बाकीचे सारे गुण असूनही पदविका हाती येत नाही. आपल्या बारावीच्या तुलनेने हे ओझे जड आहे यात शंका नाही.

हे ओझे कोणास पेलते? वृत्तपत्राच्या कचेरीत येण्यापूर्वी आम्ही बरीच वर्षे शाळेत खडू हाती धरला आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की केवळ हुशारी हा येथे निकष नव्हे. दहावीला नव्वद टक्क्यांवर गुण मिळविणारी मुले दोन जातींची असतात. एक जात अशी, की फेब्रुवारी उजाडला म्हणजे कंबर कसते, अपेक्षित प्रश्नांची उत्तरे घोटते आणि मैदान मारते. दुसरी जात वर्षभर थोडे थोडे काम करते, वहीच्या समासात नको ते प्रश्न लिहिते, आणि परीक्षेत कधीकधी पहिल्या जातीच्या मागेही पडते. या पदविकेत पहिल्या जातीची दमछाक होते. कारण बहुतेक विषयांत गुणांचा काही भाग शाळेतच, दोन वर्षांत केलेल्या प्रयोगांवर आणि लेखनावर ठरतो, आणि चार हजार शब्दांपर्यंतचा दीर्घ निबंध महिनोन्‌महिने एकाच विषयाशी झुंजून लिहावा लागतो. अखेरच्या महिन्यात रात्री जागून तो साधत नाही.

पालकांनी स्वतःच एक साधी कसोटी लावून पाहावी. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुटीत मुलास एक प्रश्न द्यावा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली बाहेर पडलेला इंद्रायणी तांदूळ मावळच्या खाचरांत एवढा का रुजला? किंवा कार्ल्याच्या लेण्यांतील शिलालेखांत दाने देणारे लोक कोण होते? पुस्तके धुंडाळ, शेतकऱ्यांना विचार, लेण्यांत जाऊन पाहा आणि दहा पाने लिही, असे सांगावे. तिसऱ्या आठवड्यातही मुलगा किंवा मुलगी त्याच प्रश्नाविषयी बोलत असेल तर या अभ्यासक्रमाचा विचार जरूर करावा. पहिल्या रविवारीच वही कपाटात गेली असेल, तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पण शुल्काचा धनादेश लिहिण्याआधी थांबावे.

यानंतरची गोष्ट अधिक व्यवहाराची आहे, आणि माहितीपत्रकांच्या गुळगुळीत कागदावर तिला फारशी जागा मिळत नाही. मुलाला डॉक्टर किंवा इंजिनियर व्हावयाचे असेल आणि तेही भारतात, तर ही वाट त्याच्यासाठी आडवळणाची आहे. भारतीय विद्यापीठ संघ ही पदविका बारावीच्या तोडीची मानतो, हे खरे. तथापि ‘नीट’ आणि ‘जेईई’ या परीक्षा राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या पाठ्यपुस्तकांवर बेतलेल्या आहेत. ‘नीट’ साधारणतः मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होते, आणि पदविकेची लेखी परीक्षा एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालू असते. वैद्यकीय प्रवेशास भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय लागतात. पदविकेच्या नेहमीच्या विषयमांडणीत शास्त्राचे तीन विषय बसत नाहीत, त्यासाठी खास परवानगी किंवा सातवा विषय घ्यावा लागतो. मे महिन्याच्या परीक्षेचा निकाल जुलैच्या सुरुवातीस लागतो, तोवर येथील काही महाविद्यालयांची प्रवेशप्रक्रिया सुरू झालेली असते. चोवीस गुणांची पायरी चुकली आणि केवळ विषयवार निकाल हाती आला, तर अडचण आणखी वाढू शकते. सकाळी पदविकेचे वर्ग आणि सायंकाळी खाजगी शिकवणी असे दोन दगडांवर पाय ठेवणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळे पाहून शिक्षणाविषयी बोलण्याची इच्छा राहत नाही.

तळेगावच्या भूमीस असा प्रश्न नवा नाही. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय येथेच चालले. सरकारी साच्याबाहेरचे, मातृभाषेतून आणि हातास उद्योग शिकविणारे राष्ट्रीय शिक्षण देण्याचा तो प्रयोग होता. 1910 साली परकी सरकारने तो बंद पाडला. त्या विद्यालयात मुलगा पाठविणाऱ्या बापास ठाऊक असे, की ही वाट सरकारी नोकरीकडे जात नाही. आपण काय सोडतो आहोत हे जाणून तो ते सोडीत असे. आजच्या पालकास काय मिळणार हे रंगवून सांगितले जाते. काय सुटणार हे त्याला बारावीच्या उन्हाळ्यात कळते.

सुटणाऱ्या गोष्टींत मराठीही आहे. 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण ती दहावीपर्यंतच. पुढची दोन वर्षे घरच्या भाषेविषयी कायदा गप्प आहे. मातृभाषेतील साहित्य शाळेच्या साहाय्याने स्वतः अभ्यासण्याची तरतूद पदविकेत आहे. मराठीसाठी ती देता येईल काय, हे पालकांनी प्रवेशाच्या दिवशीच विचारावे. फार थोडे विचारतात. विजापूरकरांच्या गावी तरी ते विचारले जावे.

याचा अर्थ ही पदविका श्रीमंतांचा षोक आहे, असे आम्ही म्हणत नाही. स्वतः प्रश्न विचारणे, आधार तपासणे आणि आपले म्हणणे लिहून मांडणे हे ती शिकविते. आपल्या बारावीच्या अभ्यासातून ते जवळजवळ हद्दपार झाले आहे. इतिहास, अर्थशास्त्र, भाषा, मूलभूत विज्ञान यांत रमणाऱ्या, परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या किंवा येथील उदार शिक्षण देणाऱ्या नव्या विद्यापीठांकडे डोळे लावून बसलेल्या मुलास ती लाभदायक ठरेल. ऐपत नसलेल्या गुणी मुलांनी मुळशीच्या महाविद्यालयाकडे जरूर पाहावे. तेथील निवड समिती राष्ट्रीय पातळीवर चालते आणि कुटुंबाची परिस्थिती पाहून शिष्यवृत्ती देते. कामशेत-वडगावच्या शाळांतील मुख्याध्यापकांनी ही माहिती नववीच्या वर्गातच सांगावयास हवी.

आणि शाळांकडे आमची एक मागणी आहे. गेल्या पाच वर्षांत किती मुलांनी पदविकेसाठी नाव घातले, किती जणांस ती मिळाली, सरासरी गुण किती आले, किती जण मध्येच सोडून गेले आणि उत्तीर्ण झालेले कोठे दाखल झाले, हे पाच आकडे प्रत्येक शाळेने प्रवेशअर्जासोबत छापून द्यावेत. केवळ पंचेचाळीस गुण मिळविणाऱ्या एकाचे छायाचित्र महामार्गावरील फलकावर लावून पालकांना काहीच कळत नाही. जी शाळा हे आकडे देण्यास तयार नसेल, तिला अनामत रक्कम देण्याची घाई पालकांनी करू नये.