नंबर खोडू नका

मंडळी, आजचा विषय हत्यारांचा नाही, तंबाखूच्या जुन्या पाइपांचा आहे. पण बोलणार आर्मोररच. जुना ब्रायरचा पाइप दुरुस्त करायचा तर हाताने करावा, बफिंग मशीनच्या चाकाला लावू नये, असं माझं मत आहे. आणि मशीन घेण्याएवढे पैसे ज्याच्या खिशात नाहीत, त्याच्याच हातून हे काम जास्त चांगलं होतं, असंही मी म्हणेन.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांतल्या एका झुडपाची, एरिका आर्बोरियाची, खोड आणि मूळ यांच्यामधली गाठ. वणव्यात वरचं झुडूप जळून गेलं तरी या गाठीतून पुन्हा पालवी फुटते. फ्रान्समधल्या सां-क्लोद गावच्या कारागिरांनी १८५० च्या दशकात हे चिवट लाकूड पाइपासाठी घेतलं आणि मातीचे पाइप हळूहळू मागे पडले. तोंडात धरायची काळी दांडी असते ती व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. उजेडात पडून राहिली की हिरवट-तपकिरी होते, आणि घासायला घेतली की खोलीभर गंधकाचा वास सुटतो.

इथे निलगिरीत असे पाइप अजून निघतात. मळ्यांवरचे जुने बंगले रिकामे होतात, वेलिंग्टन-कुन्नूरला स्थायिक झालेले निवृत्त अधिकारी जातात, मुलं बंगलोरला किंवा परदेशात. मग माळा साफ होतो आणि सगळं भंगारात. मला एकाच पिशवीत सात पाइप मिळाले. अण्णा तीनशे म्हणाला, दोनशे साठला दिले. लंगरमध्ये पोरं हसतात, "हवालदार साहेब, साहेबांचं उष्टं कशाला गोळा करता?" हसू देत. आपल्याकडे पाइप साहेबाच्या तोंडात आणि बिडी जवानाच्या, हे खरंच होतं. पण भंगाराच्या पिशवीत शिरलेल्या वस्तूला रँक नसते. आणि मी स्वतः ओढत नाही, कुणी ओढावं असं सांगतही नाही. कॅन्सरचा वॉर्ड पाहिलेला माणूस ते सांगणार नाही.

आता मुद्दा. रायफल कोतमध्ये जमा करताना आपण आधी काय बघतो? नंबर. बट फुटला तर बदलता येतो, नंबर घासला गेला तर त्या हत्याराचं काय करायचं याची चौकशी बसते. पाइपाचंही तसंच आहे. वाडग्यापासून निघणाऱ्या लाकडी नळीच्या दोन्ही बाजूंना बारीक अक्षरं ठोकलेली असतात: कंपनी, आकाराचा नंबर, देश. डनहिलच्या पाइपावर 'इंग्लंड' या शब्दाच्या शेवटी एक छोटा, खाली रेघ मारलेला अंक असतो, त्यावरून वर्ष काढतात. चांदीची कडी असेल तर तिच्यावर हॉलमार्क असतो. नांगर असला तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असलं तर लंडन, आणि शेजारच्या एका अक्षरावरून साल. दांडीवरचा डनहिलचा पांढरा ठिपका कुणीही चिकटवू शकतो. लाकडात ठोकलेली अक्षरं मात्र खोटी पाडणं इतकं सोपं नाही.

ही अक्षरं फार खोल नसतात. फिरत्या चाकावर लाल पॉलिश लावून पाइप दाबून धरला की अक्षराच्या कडा आधी जातात, मग अक्षर जातं. लाकूड आणि दांडी जिथे मिळतात तिथली धारदार कड गोल होते. उरतो एक चकचकीत, छान, बेवारस पाइप.

इथल्या एका दिवंगत कर्नलसाहेबांच्या पत्नीने माझ्याकडे एक पाइप दिला. असे दोन होते. पहिला त्यांनी एका शहरातल्या दुकानात पाठवला होता, तो आरशासारखा होऊन परत आला. कडीवर साहेबांच्या वडिलांची आद्याक्षरं कोरलेली होती, ती नव्हती. हॉलमार्कच्या जागी नुसती चांदी. दुकानदाराची नियत वाईट नसेल, त्याने गिऱ्हाइकाला हवी ती चमक दिली. दुसरा पाइप माझ्या हातात देताना बाई एवढंच म्हणाल्या, "वास घालवा, पण दातांच्या खुणा असू द्या." दांडीच्या डाव्या बाजूला दोन खळगे होते. खालून गरम करून ते उचलता आले असते, व्हल्कनाइट उष्णतेने बरंचसं मूळ आकारात येतं. उचलले नाहीत.

त्यांचं म्हणणं मला हुकमासारखं वाटलं आणि तेव्हापासून मी माझ्याच पाइपांनाही तोच नियम लावतो. खळगा आरपार गेला असेल, दांडी फुटायला आली असेल, तर भरायचा. नाहीतर राहू द्यायचा. काजळी, डांबर, बुरशी ही घाण, ती काढायची. वाडग्याच्या काठावर एकाच बाजूला जळकी खूण असते, तीही पुष्कळदा मी पुसट करून सोडतो. तो माणूस काडी कशी धरायचा हे तिथे दिसतं.

खर्चाचं म्हणाल तर सगळं घरचं आहे. दांडी अडकली असेल तर पिळून काढू नका, आत तुटते. पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग हलकेच फिरवा. वाडग्यातली काजळी एका काठीला सँडपेपर गुंडाळून उतरवायची, मिलिमीटरभर थर ठेवायचा, त्याहून जाड आणि वेडावाकडा थर गरम होऊन लाकूड तडकवतो. वास घालवायला वाडग्यात कापूस भरून केमिस्टकडचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल थेंबथेंब सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी कापूस चहाच्या रंगाचा होतो. दोन-तीनदा करावं लागतं. कॅन्टीनची रम त्यासाठी वाया घालवू नका, तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि पाणी या लाकडाला चालत नाही. नळी साफ करायला विकतचे पाइप क्लीनर महाग पडतात, मी जाड दोऱ्याला चिंदी बांधून ओढतो. फुलथ्रू मारायची सवय असलेल्याला हे शिकवायला नको.

दांडीसाठी गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला वॉटर पेपर, ४०० पासून चढत चढत २००० पर्यंत. त्याआधी अक्षरांवर चिकटपट्टी लावायची, आणि आइसक्रीमच्या डब्याच्या झाकणाची एक चकती कापून, मधे भोक पाडून, लाकूड आणि दांडी यांच्यामध्ये बसवायची, म्हणजे कड गोल होत नाही. ही चकती फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्या सामानात सर्वांत मोलाची. एका दांडीला तीन संध्याकाळी जातात. शेवटी मेण, ब्रासो नाही. कातड्यासाठीचं बूट पॉलिश तर मुळीच नाही, तोंडाला लागणारी वस्तू आहे ही.

मशीनवाल्यांची एक बाजू खरी आहे, ती मान्य करतो. कार्नोबा मेण चाकावर लावलं की नीट वितळून बसतं आणि जास्त टिकतं; हाताने चोळलेलं काही महिन्यांत मंद होतं. कारखान्यातही शेवटचा हात चाकावरच फिरायचा. पण ज्याने अक्षर ठोकलं त्याला ते कुठे आहे हे माहीत होतं. आणि मंद झालेलं मेण परत चोळता येतं.

माझ्या वाचकांत पेन्शनवर गेलेले बरेच आहेत. तुमच्या किंवा तुमच्या जुन्या साहेबांच्या शोकेसमध्ये एखादा पाइप पडलेला असेल. तो कुणाकडे देण्याआधी खिडकीपाशी न्या, टॉर्च तिरपा धरून भिंगातून नळीच्या दोन्ही बाजू बघा. अक्षरं पुसट असतील तर खडूची पूड बोटाने अलगद फिरवा, उठून दिसतात. दिसतील तशी वहीत उतरवून घ्या, अर्धवट असतील तर अर्धवटच, आणि मोबाइलवर फोटो काढा. कडीवर कोरलेलं काही असेल तर तेही. कापूस आणि वॉटर पेपर त्यानंतर.